मुरमुऱ्यांच्या गादीवर साखरेचा मुकुट

सकाळी दुधाची पिशवी आत घ्यायला दार उघडलं आणि बोटांच्या टोकांना थंडी लागली. अंगाला लागणारी थंडी वेगळी आणि ही वेगळी. ही लागली की मला कुठूनही साखरेच्या पाकाचा वास यायला लागतो. भोपाळात थंडी दिवाळीनंतर एकदा तोंड दाखवून जाते, लोक घाईघाईनं रजया उन्हात टाकतात, ती पुन्हा गायब होते, आणि मग पौषाच्या तोंडावर सामानसुमान घेऊन मुक्कामाला येते. आमच्या वस्तीत, अवधपुरीत, मटाराच्या हातगाड्या वाढतात, कोपऱ्यावरचा पोहेवाला जिलबीची कढई जरा उशिरा चढवतो, आणि आमच्या घरी जवाहर चौकातून मुरमुऱ्यांचं पोतं येतं. शेजारच्या नव्या भाडेकरूंनी काल विचारलंच, "भाभीजी, भेल का काम शुरू कर रहे हो?"

भेळ नव्हे, पार्सलं. आम्ही हलव्याचे दागिने करतो आणि ऑनलाइन विकतो. नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला हार, बांगड्या, बिंदी, बाजूबंद. बाळाच्या बोरन्हाणाला मुकुट, बासरी, कंबरपट्टा. सगळं साखरेचं, पांढरंशुभ्र, काळ्या कपड्यावर उठून दिसणारं. 'आम्ही' हा शब्द मी जरा धिटाईनं वापरते आहे. दागिने करतात माझ्या सासूबाई; मी त्यांना आईच म्हणते. माझ्याकडे फोटो काढणं, पत्ते लिहिणं आणि पार्सल पोचेपर्यंत जीव टांगणीला लावून बसणं एवढीच खाती आहेत.

हलवा हे थंडीचंच काम. परातीत तीळ घ्यायचे, खाली शेगडीतल्या निखाऱ्यांची मंद धग, वरून चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांनी तीळ फिरवत राहायचं. पाक वाळला की पुन्हा चमचाभर. पहिल्या दिवशी काहीच घडत नाही, फक्त बोटं भाजतात. मग साखरेचे थर चढू लागतात. आणि एका सकाळी, हवा कोरडी आणि बोचरी असेल तर, दाण्याला काटा येतो. ढगाळ दिवशी तो येत नाही म्हणजे येतच नाही. हलवा गुळगुळीत राहतो आणि आई त्या दिवशी कोणाशी फारसं बोलत नाहीत. मी ग्वाल्हेरची. आमच्याकडे हलवा बाजारातून पुडीत यायचा आणि रंगीत असायचा. लग्न होऊन इथे आले तेव्हा पहाटे गॅलरीत शाल पांघरून बसलेली सासू पाहिली आणि मला वाटलं, यांना झोप येत नसावी.

हे घर मूळचं नागपूरचं. आजेसासरे सरकारी कचेरीबरोबर बदलून भोपाळला आले आणि इथलेच झाले. नागपूर आता बोलण्यात 'काय करून राहिली' एवढ्यापुरतं उरलं आहे, आणि आईंच्या हलव्यात. कित्येक वर्षं भोपाळातल्या मराठी घरांत कोणाची सून नवी आली, कोणाच्या लेकीला बाळ झालं, की मार्गशीर्षातच आईंना निरोप यायचा. आई दागिने करून द्यायच्या. बदल्यात नारळ आणि ब्लाउजपीस. त्या ब्लाउजपीसांनी आमचं एक कपाट अडवलं होतं आणि ते कोणीही न शिवता पुढे कोणालातरी जायचे. पण आईंच्या पौषाला त्या निरोपांनी आकार यायचा.

मला जी थंडी आठवते ती अण्णा, म्हणजे माझे सासरे, गेल्यानंतरची पहिली. ते फाल्गुनात गेले. उन्हाळा आणि पावसाळा कसातरी सरला. मार्गशीर्ष आला तेव्हा आईंनी तीळ निवडून ठेवले होते. निरोप आले नाहीत. एका घरात नवी सून आलेली आम्हाला ठाऊक होतं, दुसऱ्या घरी नातू झाला होता. कोणी काही बोललं नाही. तशी सगळी चांगली माणसं. अण्णांच्या वेळी धावून आलेली. "काकूंना या वर्षी कशाला त्रास," एवढंच कुठूनसं कानावर आलं. त्या वाक्याखाली काय झाकलेलं होतं ते मला समजलं आणि आईंना माझ्याआधी समजलं. पहिल्या सणाचे दागिने सवाष्णीच्या हातचे असावेत, हे पुष्कळांच्या मनात असतं, ओठांवर नसतं.

मी चिडले. मला चिडायला फार लागत नाही. आई मात्र निवडलेले तीळ डब्यात भरत म्हणाल्या, "बरोबर आहे नं त्यांचं. मी पण असंच केलं असतं."

कोणी भांडायला आलं असतं तर मी कंबर कसली असती. इथे भांडण आईंच्याच आत जाऊन बसलं होतं.

माझं छोटंसं ऑनलाइन दुकान तेव्हाही होतं. कापडी पिशव्या आणि तान्ह्या मुलांची झबली मी शिवत असे. संक्रांतीसाठी काळं झबलं विकायला ठेवलं, तेव्हा फोटो हवा म्हणून माझ्या लेकीच्या बोरन्हाणाचा जुना फोटो लावला. ती त्यात आजीनं केलेला मुकुट घालून रडते आहे. झबल्याला कोणी विचारलं नाही. "मुकुट मिळेल का?" असं मात्र बेंगळुरूहून एकीनं विचारलं, मग डेहराडूनहून दुसरीनं. मी फोन घेऊन आईंकडे गेले.

"कोण आहेत ह्या?"

"ओळखीच्या नाहीत. नोकरीपायी लांब गेलेल्या मुली आहेत. तिकडे हलवा मिळत नाही म्हणतात."

"त्यांना माहीत आहे का माझं?"

"नाही."

आईंनी तिळाचा डबा पुढे ओढला. मग म्हणाल्या, "मग होऊन जाईल. इतक्या लांबून हात दिसत नाहीत."

दुसऱ्या दिवशी पहाटे कोळशाच्या वासानं मला जाग आली. गॅलरीतून परातीवर तीळ सरकल्याचा आवाज येत होता. मी अंथरुणातच पडून राहिले आणि मला रडू आलं.

आता पार्सल पाठवायचं म्हणजे काय करायचं? पिशव्या आणि झबली हा माल असा, की तुम्ही तो आपटा, चुरगळा, त्यावर बसा, तो पोचतो. मी तोच अनुभव घेऊन मोठ्या रस्त्यावरच्या कुरिअरच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "मैडम, फ्रैजाइल लिख देंगे, टेंशन मत लो." त्यानं लाल अक्षरांत लिहिलं, आणि लिहून झाल्यावर तो डबा मागच्या पोत्यात भिरकावला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. बेंगळुरूहून फोटो आला. काळ्या कागदावर साखरेचा चुरा आणि त्यात एक अर्धा मुकुट. मुलगी बिचारी सभ्य, तिनं खाली लिहिलं होतं, "काही हरकत नाही, चव छान आहे."

आईंनी फोन हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि बराच वेळ पाहिला.

"माझ्या हातचं म्हणून मोडलं," त्या म्हणाल्या.

"आई, डबा कच्चा होता. त्या माणसानं फेकला, मी पाहिलं."

"डबा निमित्त असते गं." आणि थोड्या वेळानं, "आता डेहराडूनचं कबूल केलं आहे, ते करते. आणखी एक मोडला तर बस. मग मला म्हणू नको."

आई जे बोलतात ते करतात, हे या घरात सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवसापासून पार्सल कसं पाठवावं हा प्रश्न माझ्या दुकानाचा राहिला नाही. एक मुकुट आणखी मोडला असता, तर ती परात माळ्यावर गेली असती आणि 'माझ्या हातचं म्हणून' ही गोष्ट आईंच्या मनात कायमची खरी ठरली असती. मी मनातल्या मनात देशभरच्या हमालांना, ड्रायव्हरांना आणि गोदामवाल्यांना हात जोडत हिंडू लागले.

पहिला विचार आला तो आपला पिढीजात: जाणाऱ्याच्या हाती द्यावं. मराठी माणसानं कुरिअर कंपन्या निघण्याआधी मेतकूट, लोणचं, आणि प्रसंगी लग्नाची स्थळंसुद्धा याच मार्गानं पाठवली आहेत. डेहराडूनला जाणारं कोण आहे याची चौकशी सुरू झाली. नवऱ्याच्या, म्हणजे विनयच्या, कारखान्यातले एक गृहस्थ सहकुटुंब हरिद्वारला निघाले होते आणि पुढे मसुरीला. आम्ही डबा घेऊन हबीबगंजला गेलो. स्टेशनचं नाव बदललं, जिभेचं बदललेलं नाही. गृहस्थ फार प्रेमळ. "अहो, द्या, त्यात काय," म्हणून त्यांनी डबा घेतला आणि बर्थखाली, चपलांशेजारी, पाण्याच्या कॅनला टेकवून ठेवला. त्यांचा नातू लगेच त्याच्यावर पाय ठेवून खिडकीत चढू पाहत होता. मी "अगं बाई, एक वस्तू घालायची राहिलीच" असं खोटं बोलून तो डबा परत घेतला. त्यांना अजून वाटत असेल, मी विसरभोळी आहे.

स्टेशनवर आलोच आहोत तर रेल्वेचं पार्सल ऑफिस पाहू म्हणून तिथे डोकावले. खिडकीतल्या माणसानं माझा डबा हातात घेऊन तोलला आणि हसला. "दीदी, यहाँ मोटरसाइकिल बुक होती है, बोरे में लपेट के। इसको तो आप गोद में बिठा के ले जाओ." त्याच्या मागे खरंच गोणपाटात गुंडाळलेली एक मोटरसायकल उभी होती. विनय म्हणाला, "चला, निदान एकानं तरी खरं सांगितलं." परतताना त्यानं स्कूटर इतकी हळू चालवली, की सायकलवाले आम्हाला मागे टाकत होते.

मग मोबाइलवरचे ते प्रकार, जिथे आपण पत्ता टाकला की निरनिराळ्या कंपन्या आपापले भाव सांगतात. तिथे मला एक नवीनच ज्ञान झालं. ते लोक वजनाबरोबर डबा किती जागा अडवतो तेही मोजतात, आणि जे जास्त भरेल ते धरतात. हलव्याचा मुकुट म्हणजे फुलाइतका हलका, पण त्याला चहूबाजूंनी मोकळी जागा हवी. म्हणजे हवेचं भाडं भरायचं. डबा लहान केला तर मुकुट दबणार, मोठा केला तर हवेचं बिल. शिवाय मोठ्या डब्यात मुकुट आत नाचणार. थर्माकोलचे गोळे घातले तर ते हलव्याच्या काट्यांना चिकटून बसायचे. हवेच्या फुग्यांचा प्लास्टिक कागद घातला तर आत दमट होऊन साखर पाणावायची. मी वैतागून डायनिंग टेबलावर डोकं टेकवून बसले होते.

आई समोर बसून बाजूबंद ओवत होत्या. त्यांनी विचारलं, "बोरन्हाणाला मुरमुरे लागतात नं?"

"लागतात."

"तिथे त्या पोरी मुरमुरे कुठून आणतील?"

"मिळतच असतील, आई."

"मग आपणच घालू. खाली गादी, वर दुलई. आणि दागिना पुठ्ठ्याला टाचून टाक, काळ्या दोऱ्यानं. पोराला झोळीत कसं घालतो? हलायला जागा नाही आणि लागायला काही नाही."

अशी ती गादी जन्माला आली. सुती कापडाच्या छोट्या पिशव्या मी शिवल्या, आईंनी त्यांत मुरमुरे भरले. ना फार ठासून, ना फार सैल. मुकुट पुठ्ठ्याला टाचलेला, खाली एक पिशवी, वर एक, चार कोपऱ्यांना चार. पार्सल उघडलं की त्याच पिशव्या उसवायच्या आणि बाळाच्या डोक्यावर मुरमुरे ओतायचे. फेकायचं काही नाही. मी आईंकडे पाहतच राहिले. आपण इतके दिवस या बाईला नुसतं 'हाताला चव आहे' एवढ्यावर भागवत होतो, असं मला वाटलं.

परीक्षा विनयनं घेतली. त्यानं तो डबा आधी सोफ्यावरून पाडला, मग जिन्यावरून सोडला, मग आमच्या लेकीनं आणि त्यानं गच्चीवर तो एकमेकांकडे फेकला. आई डोळे मिटून, कानांवर हात ठेवून बसल्या होत्या. "झालं का रे? झालं का?" डबा उघडला. मुकुट होता तसा. आईंनी तो चारी बाजूंनी तपासला, आणि मग अण्णा गेल्यापासून पहिल्यांदाच विनयच्या पाठीत एक धपाटा घातला. डेहराडूनचं पार्सल गेलं आणि पोचलं. तिथल्या मुलीनं मुरमुऱ्यांच्या पिशव्यांचेच फोटो जास्त पाठवले.

आज मागे वळून पाहताना त्या दिवसांचा मला आवाज आठवतो. चिकटपट्टी ओढल्याचा कर्रर्र आवाज, परातीतल्या दाण्यांचा वाळूसारखा आवाज, आणि मध्येच आईंचं, "कुठवर आलं गं?" पार्सल कुठे पोचलं हे मोबाइलवर दिसतं हे त्यांना कळलं आणि घरात नवीनच पुराण सुरू झालं. इटारसी, झाशी, दिल्ली, अशी गावं त्या आपल्या भाच्यांची चौकशी करावी तशा विचारायच्या. "आज झाशीलाच आहे? कालपण झाशीलाच होतं. काय करून राहिलं तिथे?" वर्षभर घरातल्या घरात फिरणारी ही बाई आता रोज चहाबरोबर अर्धा देश फिरत होती.

आणि मग जोरहाटची ऑर्डर आली. आसामातलं जोरहाट. केतकी नावाची मुलगी, मूळची साताऱ्याची, नवरा फौजेत. पहिलं बाळ, पहिली संक्रांत. तिला पूर्ण साज हवा होता. तिच्या निरोपात शेवटी एक वाक्य होतं, "इथे मराठी कोणी नाही, त्यामुळे माझ्याकडून काही राहिलं तर सांगा." आईंनी हा साज सगळ्यांत मन लावून केला. बासरीवर एवढंसं मोरपीस चिकटवलं. डबा बांधून झाला, कुरिअर कंपनीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या खुणेचा छापील कागद वर डकवला, आणि आई म्हणाल्या, "पहिलं लेकरू आहे. तू सवाष्ण आहेस, डब्याला कुंकू लाव."

नाही म्हणायचं माझ्या मनातही आलं नाही. आमच्याकडे नवी स्कूटर, नवा मिक्सर, दहावीचं हॉल तिकीट, सगळ्यांना कुंकू लागतं. मी करंडा आणला, बोट ओलं केलं आणि डब्याच्या बरोबर मध्यभागी, जिथे छान दिसेल तिथे, ठसठशीत बोट ओढलं. आईंनी हात जोडले. डबा गेला.

तो गेला, गुवाहाटीपर्यंत गेला, आणि तिथे थांबला. मोबाइलवर काहीबाही दिसायचं. मग तो उलटा निघाला. आईंना मी आधी सांगितलंच नाही, पण झाशी नाही, इटारसी नाही, असा चेहरा करून किती दिवस बसणार? भोगीच्या सकाळी डबा आमच्याच दारात आला. शेजारून तिळाच्या भाकरीचा वास येत होता. पार्सल आणणाऱ्या माणसानं डब्यावर बोट ठेवून दाखवलं, "आंटी, ये देखो, कोड पे कुछ लग गया था, मशीन पढ़ नहीं पाई."

लाल फराटा. त्या काळ्या पट्ट्यांवरून आडवा, निम्मा पत्ता पुसून गेलेला. माझं बोट.

आई खुर्चीत बसल्या. त्यांचा चेहरा पाहून मी डबा उघडायला घाबरत होते. शेवटी त्यांनीच सुरी मागितली. पुठ्ठा वर उचलला. आसामच्या दारापर्यंत जाऊन, तेवढंच अंतर परत येऊन, मुकुट जसाच्या तसा होता. बासरीवरचं मोरपीससुद्धा हललं नव्हतं.

"आई," मी म्हणाले, "तुमच्या हातचं काही मोडलं नाही. अडलं ते सवाष्णीच्या कुंकवानं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. क्षणभर मला वाटलं, जास्त बोलले. मग त्यांच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. पण त्या हसल्या नाहीत. "परत आलं म्हणजे विचारायला पाहिजे," त्या म्हणाल्या. "फोन लाव त्या पोरीला. मी बोलते."

"काय बोलणार?"

"खरं ते."

मी फोन लावला. आईंनी तो दोन्ही हातांत धरला. "बेटा, मी भोपाळहून. तुझे दागिने वेळेवर पोचले नाहीत. बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत चालतं, पुन्हा पाठवू शकतो. पण आधी एक सांगायचं आहे. हे दागिने मी करते. आमचे हे गेल्या वर्षी गेले. तुझं पहिलं लेकरू आहे. तुला चालत नसेल तर मोकळेपणानं सांग, मला वाईट वाटणार नाही."

मला बाकी वाईट वाटणार होतं. मी स्वयंपाकघराच्या दाराची चौकट धरून उभी होते. पलीकडून आधी बाळाचा ओरडण्याचा आवाज आला, मग केतकीचा.

"काकू, माझे वडील मी शाळेत असताना गेले. मला सगळं आईच्याच हातचं आहे." "तुम्ही पाठवा. आणि जरा लवकर पाठवा, नाहीतर याचं डोकं मोठं होईल आणि मुकुट बसायचा नाही."

आईंनी "बरं" एवढंच म्हटलं आणि फोन माझ्याकडे दिला. मग त्या न्हाणीघरात गेल्या आणि बराच वेळ नळ सोडून बसल्या. त्या दिवशी आमच्याकडे पाण्याची टंचाई होती, पण कोणी दार वाजवलं नाही.

या वेळी आम्ही पोस्टात गेलो. का, याला माझ्याकडे मोठं कारण नाही. फौजेच्या वस्तीत पोस्टमन नक्की जातो, असं विनय म्हणाला आणि आईंना ते पटलं. अण्णांची पत्रं, मनीऑर्डरी, नातेवाइकांच्या लग्नपत्रिका, सगळं आयुष्यभर पोस्टानंच आलं-गेलं होतं. आई स्वतः आल्या, शाल गुंडाळून, डबा मांडीवर घेऊन. स्पीड पोस्टच्या रांगेत त्या कोणाला डब्याला हात लावू देईनात. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "इसमें क्या है, आंटीजी?" आई म्हणाल्या, "मुकुट है। चीनी का।" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं, डबा हळूच घेतला आणि खाली न ठेवता मागच्या फळीवर ठेवला. पत्त्यावर आम्ही रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावली होती. कुंकू होतं, पण आत. हळदीकुंकवाची पुडी आईंनी स्वतः बांधून मुरमुऱ्यांच्या पिशवीशेजारी ठेवली. मी पाहिलं, आणि पाहिलं नाही असं केलं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते विचारू नका. पण आज, इतक्या थंड्या उलटून गेल्यावर, मला त्या काळजीपेक्षा दुसरंच जास्त आठवतं. भोपाळच्या त्या खिडकीपासून जोरहाटच्या त्या दारापर्यंत तो डबा किती हातांतून गेला असेल. कोणीतरी तो गाडीत चढवला, कोणीतरी उतरवला, कोणीतरी पावसाळी हवेत आडोशाला ठेवला. त्यांतल्या एकानंही विचारलं नाही, की हे केलेल्या बाईच्या कपाळावर काय आहे. त्यांना पत्ता वाचता आला, तेवढं पुरे होतं. जवळच्या माणसांना जे जमलं नाही ते या अनोळखी हातांनी सहज केलं. मी त्यांच्यातल्या कोणाला ओळखत नाही आणि त्यांच्यातल्या कोणाला आपण काय पोचवलं हे माहीत नाही. पण दर वर्षी पहिलं पार्सल बांधताना मी त्यांची मनापासून आठवण काढते. मला या माणसांचं ऋण वाटतं, आणि ते वाटत राहावं असंही वाटतं.

डबा पोचल्याचं मोबाइलवर दिसलं. केतकीचा निरोप आला, सगळं अखंड आहे, रथसप्तमीला बोरन्हाण करते. आईंनी साखरेचा डबा उघडून विनयच्या, माझ्या आणि लेकीच्या हातावर चिमूटचिमूट ठेवली. रथसप्तमी म्हणजे मोसम संपला. त्या सकाळी त्यांनी शेगडीतली राख काढली, परात घासली, आणि शेगडी माळ्यावर ठेवायला मला सांगितलं.

मी स्टूल घेऊन येत होते तेवढ्यात केतकीचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर आधी छत दिसलं, मग पुष्कळ बायका. कोणी आसामी मेखला नेसलेली, कोणी सलवार-कमीजमधली, एक तमिळ बोलत होती. मधोमध पाटावर काळ्या झबल्यातलं गुबगुबीत पोर, अंगभर पांढरे दागिने. "काकू, यांना काही माहीत नाही आणि मलाही धड आठवत नाही," केतकी म्हणाली. "तुम्हीच सांगा, आधी काय करू?"

आईंनी पदर खांद्यावरून नीट घेतला. आधी त्या जरा मागे सरकून बसल्या होत्या, सवयीनं. मग पुढे आल्या. "आधी औक्षण कर. मग मुरमुरे, बोरं, उसाचे करवे, सगळं एकत्र कर. हळू ओत, डोळ्यांत जायला नको. हां. त्या ताईंना सांग, पोराच्या मागून ओता." त्या बोलत होत्या आणि तिकडे चार भाषांत त्याचं भाषांतर होत होतं. आमच्या अवधपुरीच्या घरात भरलेली मुरमुऱ्यांची दुलई बाळाच्या डोक्यावरून घरंगळत खाली सांडली, बायका हसल्या, बाळ दचकलं. मग त्यानं हात वर नेला, डोक्यावरचा मुकुट ओढून काढला आणि सरळ तोंडात घातला.

कडकन आवाज आला. इथपर्यंत ऐकू आला.

"अय्यो, काकू, मोडला," केतकी म्हणाली. तिचा आवाज खरंच रडवेला झाला होता. माझ्या हातात स्टूल तसंच राहिलं.

आई पडद्याकडे बघत होत्या. बाळ मुकुटाचा तुकडा चोखत होतं, साखरेची लाळ हनुवटीवर आली होती.

"मोडू दे," आई म्हणाल्या आणि हसायलाच लागल्या, खांदे हलेपर्यंत. "दात येऊन राहिले असतील त्याला. खायलाच तर केला आहे. मी दुसरा पाठवते." आणि हसता हसताच माझ्याकडे वळून, "ते स्टूल ठेव बाजूला. शेगडी राहू दे खालीच."